हाताने बनवलेलं पहिलं युकुलेले: या चुका टाळा

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, बनवताना केलेली चूक सहसा त्याच दिवशी दिसत नाही. आतल्या पट्ट्या चिकटवताना हवा दमट होती, फ्रेटच्या (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खुणा करताना मोजपट्टी जराशी सरकली, ब्रिजखालचा (तारा जिथे बांधतात त्या तुकड्याखालचा) पॉलिशचा थर खरवडायचा राहिला. तेव्हा सगळं ठीकच वाटतं. मग एके दिवशी तारा चढतात आणि सगळा हिशोब एकदम समोर येतो: आवाज बसका, वरचे सूर चढे, एक तार झणझणते, ब्रिज उचलायला लागतो. म्हणून इथे बिघाडाबरोबर त्याचं मूळ कोणत्या टप्प्यात असतं तेही दिलं आहे. क्रम बनवण्याचा नाही. जी चूक नंतर दुरुस्त होणं सगळ्यात अवघड, ती आधी.

घाबरून लाकूड जाड ठेवणं

नवशिक्याच्या वाद्याचा आवाज बसका येण्याचं सर्वांत मोठं कारण लाकडाची जात नसून जाडी असते. पातळ केलं तर तुटेल, ही भीती. पण युकुलेलेच्या चारही नायलॉन तारांचा मिळून ताण साधारण १५ ते २० किलो असतो; स्टीलच्या तारांच्या गिटारवर तो ७० किलोच्या आसपास जातो. गिटारच्या मापाने बांधलेलं युकुलेले मजबूत होतं खरं, पण तेवढा ताण त्याला हलवू शकत नाही. वरची पाटी, म्हणजे टॉप, हललाच नाही तर आवाज कुठून येणार?

सोप्रानो या लहान आकारासाठी टॉप १.८ ते २ मिमी, बाजूच्या पट्ट्या १.५ ते १.८ मिमी, हा पहिल्या वाद्यासाठी सुरक्षित पल्ला आहे. लाकूड मऊ असेल तर थोडं जास्त, कडक असेल तर थोडं कमी. मोजमाप कडेला एकदाच घेऊन थांबू नका, पाटीवर आठ-दहा ठिकाणी घ्या. रंधा मारताना कडा पातळ आणि मधला भाग जाड राहणं अगदी नेहमीचं आहे. आतल्या पट्ट्यांचं, म्हणजे ब्रेसचंही तेच. ब्रेस उंच आणि टोकाला निमुळती हवी. रुंद, बुटकी ब्रेस वजन वाढवते आणि ताठपणा फारसा देत नाही, कारण ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, रुंदीच्या मात्र सरळ प्रमाणात.

महाग लाकडाच्या मागे लागायचीही गरज नाही. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटाहून हवाईतल्या होनोलुलूला पोचलेल्या सुतारांनी आपल्या छोट्या तंतुवाद्याचा नवा अवतार तिथे घडवला, तेव्हा हाताशी असलेलं कोआ लाकूड वापरलं. महोगनीवरही उत्तम वाद्यं होतात. लाकूड सरळ रेषांचं आणि नीट वाळलेलं असलं की पुरे. रेषा पाटीच्या पृष्ठभागातून तिरप्या बाहेर पडत असतील तर ते लाकूड कितीही देखणं असो, बाजूंसाठी घेऊ नका. वाकवताना ते नेमकं तिथेच चिरतं.

फ्रेट एकापुढे एक मोजणं

फ्रेटची जागा चुकली की पुढे कितीही छान पॉलिश करा, वाद्य सुरात येत नाही. गणित सोपं आहे: नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) लांबी १७.८१७ ने भागली की पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं, उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागली की दुसऱ्याचं. ३५० मिमी लांबीवर पहिला फ्रेट नटपासून १९.६४ मिमीवर येतो आणि बारावा बरोबर १७५ वर.

घोळ आकडेमोडीत होत नाही, खुणा करताना होतो. एका फ्रेटवरून पुढचा, त्यावरून त्यापुढचा असं मोजत गेलं की प्रत्येक वेळची बारीक चूक साठत जाते. दरवेळी फक्त ०.३ मिमी एकाच दिशेला सरकलं तरी बाराव्या फ्रेटपर्यंत ३.६ मिमी होतात, म्हणजे सेमीटोनच्या (लागोपाठच्या दोन फ्रेटमधल्या सुरांच्या फरकाच्या) एक-तृतीयांशाहून जास्त बेसूर. सगळी अंतरं नटपासूनच मोजा, मोजपट्टी एकदा टेपने पक्की बसवा आणि खूण पेन्सिलीने नको, धारदार सुरीने करा. शक्य असेल तर पहिल्या वाद्यासाठी खाचा पाडलेला तयार फिंगरबोर्डच (फ्रेट बसतात ती मानेवरची पाटी) घ्या. त्यात कमीपणा काही नाही. हाताने करण्यासारखं बाकी पुष्कळ उरतं.

खाचेची रुंदीसुद्धा बघा. फ्रेटची बुडाची धार खाचेपेक्षा जाड असेल तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा आत शिरतो आणि बारा-पंधरा फ्रेट मिळून मानेला मागे वाकवतात. युकुलेलेच्या मानेत बहुधा बाक सरळ करणारी सळई नसते, त्यामुळे हा बाक पेच फिरवून काढता येत नाही. खाच सैल असेल तर फ्रेट हळूहळू वर येतो. टाकाऊ तुकड्यावर आधी एक खाच पाडून फ्रेट ठोकून बघायला पाच मिनिटं लागतात.

सॅडल गणितात आलेल्या जागेवर नेमकं बसवणं हीसुद्धा चूकच. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. ती भरपाई म्हणून सोप्रानोवर सॅडल साधारण २ मिमी मागे सरकवतात. तपासायचं असेल तर बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट लावून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर तारेची लांबी वाढवा, म्हणजे तार मागच्या बाजूला टेकेल असा सॅडलचा माथा घासा. उतरलेला असेल तर उलट. तिसरी, सी सुराची जाड तार सहसा सगळ्यात जास्त चढते. फक्त पहिल्या-दुसऱ्या फ्रेटचेच सूर चढे येत असतील तर सॅडलला हात लावू नका. दोष नटचा आहे, खाचा पुरेशा खोल नाहीत.

दमट हवेत ब्रेस चिकटवणं

लाकूड हवेतली ओल शोषून आडवं फुगतं आणि सुकलं की आडवंच आकसतं. रेषांच्या दिशेने ते जवळपास हलत नाही. ब्रेस टॉपच्या रेषांना आडवी चिकटलेली असते. दमट दिवशी, फुगलेल्या टॉपवर ती चिकटवली आणि पुढे कोरडी हवा आली की टॉपला आकसायचं असतं, ब्रेस आकसू देत नाही. मग टॉप खाली बसतो किंवा सरळ चिरतो. उलट परिस्थितीत नुकसान कमी: कोरड्यात चिकटवलेला टॉप दमट हवेत थोडा वर फुगतो, एवढंच. म्हणून हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असताना हे काम करावं. एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा जास्त दाखवत असेल तर त्या दिवशी मान घासा, खुंट्यांची भोकं पाडा, ब्रेसना हात लावू नका.

गोंदाबाबत तीनच गोष्टी. सांधा गोंदाशिवाय जुळला पाहिजे. फट गोंदाने भरून निघत नाही. क्लॅम्प लावायची पूर्ण तालीम आधी कोरडीच करा, कारण गोंद लावल्यावर चौथा क्लॅम्प बसत नाही हे कळणं फार वाईट. आणि बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. वाळलेला पातळ गोंद डोळ्यांना दिसत नाही, पण पॉलिशचा हात फिरला की तिथे फिका डाग उठतो.

बाजू वाकवताना पाण्यावर भिस्त ठेवणं

लाकूड उष्णतेने वाकतं; पाणी उष्णता आत न्यायला आणि पृष्ठभाग जळू नये म्हणून असतं. तासन्तास भिजवलेली पट्टी फुगते, आडवी पन्हळते आणि वाळल्यावर आकार सोडते. थोडी ओली करा, पट्टी ज्यावर वाकवायची तो पाइप नीट तापू द्या आणि लाकूड स्वतःहून सैल पडल्याचं हाताला जाणवेपर्यंत थांबा. कंबरेचा बाक सगळ्यात कठीण, तिथे पट्टी सगळीकडे सारखी पातळ आहे ना हे आधी बघा.

मान डोळ्याच्या अंदाजाने बसवणं

मधली रेषा. टॉपवर, मानेवर, पाठीवर ती आखलेली असलीच पाहिजे आणि मान पक्की करेपर्यंत पुसायची नाही. नटच्या मध्यापासून ब्रिजच्या मध्यापर्यंत दोरा ताणला की तिरपेपणा लगेच उघडा पडतो. तो राहिला तर एका बाजूची तार फिंगरबोर्डच्या काठावरून घसरते.

दुसरी गोष्ट कोनाची. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण २.५ मिमी हवी असेल तर फ्रेटवर ठेवलेली सरळ स्टीलची पट्टी ब्रिजपर्यंत नेल्यावर सॅडलचा माथा त्या पट्टीच्या रेषेहून ५ मिमीच्या आसपास वर असावा. हे मान चिकटवण्याआधी तपासायचं. नंतर हातात फक्त सॅडल घासणं उरतं, आणि त्यात हिशोब असा की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला सॅडलवरून एक मिमी काढावा लागतो. तेवढं सॅडल शिल्लकच नसेल तर मान उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

पॉलिशची घाई

इथे सगळ्यांचा धीर सुटतो, कारण वाद्य जवळजवळ तयार दिसत असतं. सँडपेपरच्या पायऱ्या गाळू नका: १२०, १८०, २२०, ३२०, आणि हात नेहमी रेषांच्या दिशेने. १२० नंतर थेट ३२० घेतला तर जुने ओरखडे गुळगुळीत होतात पण जात नाहीत, आणि पहिल्या थराखाली ठळक होतात. पॉलिशआधी लाकडावर स्पिरिटने ओला फडका फिरवून तिरक्या उजेडात बघा. गोंदाचे डाग आणि ओरखडे तेव्हाच दिसतात. महोगनीसारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडावर आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर छिद्रं भरणारा फिलर लागतोच. छिद्रं तशीच ठेवून पातळ थर देणंही छान दिसतं, आणि माझं मत विचाराल तर पहिल्या वाद्यावर तेच करावं.

कोणतं पॉलिश? नवशिक्याने शेलॅक (लाखेचं पॉलिश) किंवा फडक्याने पुसायचं तेल-व्हार्निश घ्यावं. शेलॅकचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे चुकलेली जागा सहज सुधारते. मात्र घाम आणि उष्णता त्याला मानवत नाही. पॉलियुरेथेनचे थर एकमेकांत विरघळत नाहीत. घासताना वरचा थर फुटला की खालच्याची कड रेषेसारखी दिसते आणि ती लपवणं त्रासाचं असतं. दमट हवेत शेलॅक किंवा लॅकर लावलं तर थर दुधाळ पांढरा पडतो, तेव्हा तो दिवस सोडून द्यावा. आणि कोणतंही पॉलिश असो, थर पातळच. जाड कवच टॉपला जखडतं, म्हणजे लाकूड पातळ करून कमावलेलं तुम्ही बाटलीतून परत घालवता.

ब्रिजची जागा पॉलिशआधी टेपने झाका. गोंद उघड्या लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. ब्रिज उचलला गेला असेल तर बहुतेक वेळा खाली चकचकीत थर सापडतो. तो खरवडून लाकूड उघडं करून पुन्हा चिकटवा, नुसता फटीत गोंद ओतून उपयोग नाही.

आणखी एक, हे वाद्याच्या नाही, घराच्या सुरक्षिततेचं: जवस तेल किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाचे फडके चोळामोळा करून टाकू नका. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घासताना तोंडाला धुळीचा मास्क हवाच.

तारा चढल्यावर

पहिले काही दिवस वाद्य सारखं उतरतं. नायलॉनच्या आणि फ्लुरोकार्बनच्या तारा ताणल्या जाऊन स्थिर व्हायला वेळ घेतात, लगेच खुंट्यांना दोष देऊ नका. ब्रिजवरची गाठ मात्र सरकत नाही ना हे बघा.

झणझण ऐकू आली तर आधी ती कुठे येते ते ठरवा. एकाच फ्रेटवर तार दाबल्यावर येत असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवून हलवा. डुलली तर मधला उंच. तो नीट बसलेला नसेल तर ठोका, बसलेला असेल तर कानस मारा. सगळीकडेच झणझण असेल तर तारा खाली आहेत किंवा मान मागे वाकली आहे. एका ठराविक सुरालाच, कोणत्याही तारेवर येत असेल तर फ्रेट सोडा. सुटलेली ब्रेस, खुंटीचा ढिला स्क्रू किंवा टॉपला टेकणारं तारेचं टोक शोधा. टॉपवर बोटाच्या पेराने टकटक करत गेलात तर सुटलेल्या ब्रेसची जागा खुळखुळते.

फक्त उघडी (न दाबलेली) तार झणझणत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. योग्य खोली ताडायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा: पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर खाचेत हाडाची बारीक पूड भरा, सुपरग्लूचा एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या आणि बारीक कानशीने खाच पुन्हा पाडा. या वेळी दोन-दोन घासे मारून, दरवेळी तार चढवून बघत.