आर्ब्रोथला मॅच बघायला जाताय?

स्कॉटलंडमधला खालच्या डिव्हिजनचा फुटबॉल बघायचा असेल तर एडिनबरोहून आर्ब्रोथला जा. थेट ट्रेनने साधारण दीड तास. स्टेशनवरून आर्ब्रोथ क्लबच्या मैदानापर्यंत, म्हणजे गेफील्ड पार्कपर्यंत, चालत जाता येतं. मॅच बहुधा शनिवारी दुपारी ३ला असते. थंडीत मैदान गोठलं की मॅच ऐनवेळी रद्द होते, म्हणून निघण्याआधी क्लबची वेबसाइट बघाच.

मैदान अगदी समुद्राला खेटून आहे. उत्तर समुद्राचा वारा असा झोंबतो की गोलकीपरने उंच मारलेला चेंडू कधीकधी मागे फिरतो. छत्रीचा उपयोग शून्य. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. बसायला स्टँड आहे, पण खरी मजा उभं राहून बघण्यात. अगदी कठड्याशी उभं राहिलं की खेळाडूंची आरडाओरड स्पष्ट ऐकू येते. याच क्लबने १८८५ साली बॉन अ‍ॅकॉर्ड या संघाला ३६-० हरवलं होतं!

खाण्याचं मात्र विचारून घ्या: मैदानावरच्या ‘पाय’मध्ये (pie, म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ) मटण किंवा बीफ असतं आणि बोव्हरिल हे गरमागरम पेय म्हणजे बीफचाच अर्क. मासे खात असाल तर मॅचआधी बंदराकडे जाऊन धुरावलेला हॅडॉक, म्हणजे आर्ब्रोथ स्मोकी, गरम असतानाच खा.