‘ओळखा पाहू मी कोण’ घ्यायचंय? मग क्लू लिहायला बसा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत क्लूवरून प्रसिद्ध व्यक्ती ओळखायचा हा खेळ मी गेली बारा वर्षं घेतेय, आणि दरवर्षी कोणीतरी येऊन सांगतंच की अगं त्यात काय एवढं, नेटवरून पाच पॉइंट उचलायचे आणि माईकवर वाचायचे. हा सल्ला अजिबात ऐकू नका. नेटवरच्या लेखाची पहिलीच ओळ वाचली की पहिल्या मिनिटाला उत्तर येतं, नाहीतर तिसऱ्या मिनिटाला भांडण लागतं.

तयारी सगळ्यांना माहितीये, कागद पेन टायमर. चार-पाच जणांची एक टीम, प्रत्येक टीममध्ये एखादं शाळेतलं पोर आणि एखादे आजी-आजोबा हवेतच. एका व्यक्तीवर पाच क्लू, पहिल्याला ओळखलं तर 50 गुण, मग 40, 30, 20, 10. एका संध्याकाळी आठ व्यक्ती पुरतात, त्याच्यावर गेलात की पोरं खुर्च्यांखालून पळायला लागतात.

व्यक्ती अशा घ्या की नाव सगळ्यांनी ऐकलंय पण आयुष्य फार कोणाला माहीत नाही. खाशाबा जाधव, मलिक अंबर, आनंदीबाई जोशी, मेरी क्युरी. शिवाजी महाराज, गांधीजी यांची नावं लोक पहिल्या क्लूला अंदाजाने लिहूनच टाकतात, त्यामुळे तिथे मजा येत नाही. हयात माणसं मी घेत नाही, त्यांच्याबद्दलचा आजचा क्लू पुढच्या वर्षी खोटा ठरू शकतो.

आता क्लू. खेळाची खरी मेहनत इथेच आहे आणि मला हे जमायला तीन-चार वर्षं गेली, म्हणून नीट सांगते.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी महर्षी कर्वे निवडले होते. पहिला क्लू लिहिला, ‘ही व्यक्ती पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायची.’ मला वाटलं किती छान क्लू आहे. चिठ्ठ्या उघडल्या तर एका टीमने टिळक लिहिलेलं, दुसरीने गोखले, तिसरीने रँग्लर परांजपे, आणि तिघंही बरोबर! टिळक तिथे गणित शिकवायचे, ते सोडून गेल्यावर 1891 मध्ये कर्वे आले, गोखल्यांनी तर अंकगणिताचं पुस्तक लिहिलंय आणि परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले. बरं पहिला क्लू असा मोकळा असला तरी चालतो, पण माझा दुसरा क्लू होता ‘शिक्षणासाठी मोठं काम केलं’ आणि तिसरा ‘महाराष्ट्राबाहेरही नाव होतं’. चौघांनाही लागू! तिसऱ्या क्लूनंतरही एकही नाव गळत नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले की टिळक चूक कसं ते सिद्ध करा, आणि मला करता येईना. अर्धा तास त्यात गेला, आरतीला उशीर झाला, मुलं कंटाळून घरी गेली. मला फार वाईट वाटलं कारण चूक सरळसरळ माझी होती.

तेव्हापासून एक पद्धत पक्की केली. प्रत्येक क्लू लिहिला की त्याच्या शेजारी समासात अजून कोणकोण बसतंय ती नावं लिहायची. पहिल्यापुढे चार-पाच नावं असू देत, पण दुसऱ्याने त्यातली निदान दोन गळली पाहिजेत आणि चौथ्यापर्यंत एकच नाव उरलं पाहिजे. एकही नाव गळत नसेल तर तो क्लू फाडून टाका, वाक्य कितीही सुंदर असू दे. कर्व्यांचा दुसरा क्लू ‘या व्यक्तीने विधवेशी लग्न केलं’ असा लिहिला असता तर बाकीचे तिघं तिथेच गळले असते.

माझा सगळ्यात चांगला जमलेला सेट देते, बघा कसा उतरत जातो:

50 गुण: या व्यक्तीने कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं.
40 गुण: तरुणपणी लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर आला.
30 गुण: 1944 च्या ब्रेटन वुड्स या जागतिक आर्थिक परिषदेला भारताकडून गेलेल्यांमध्ये ही व्यक्ती होती.
20 गुण: 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातलं मंत्रिपद सोडलं.
10 गुण: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

मेघदूत म्हटल्यावर सगळे कुसुमाग्रज नाहीतर शांता शेळके लिहितात, आणि ते चूक नाही, त्यांनीही केलंय. पण आयसीएस ऐकलं की सगळ्यांचे पेन थांबतात. कवितेवरून एकदम सरकारी परीक्षेवर! चिंतामणराव देशमुख हे नाव आमच्याकडे चौथ्या क्लूला एका आजोबांनी लिहिलं, त्यांना संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आठवत होते, आणि त्यांच्या टीममधली सातवीतली मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. एकेका टीममध्ये सगळ्या वयाची माणसं मी त्यासाठीच बसवते.

आणखी एक गोष्ट, जी मराठीत खेळणाऱ्याने विसरूच नये. ‘मी’ करून क्लू लिहू नका. मी शिकवायचो म्हटलं की पुरुष, शिकवायचे म्हटलं की बाई, क्रियापदानेच अर्धी नावं उडतात आणि तुम्हाला कळतही नाही. सरळ ‘ही व्यक्ती’ लिहा. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, त्यामुळे कर्वे असोत की मेरी क्युरी, ‘ही व्यक्ती शिकवायची’ सगळ्यांना चालतं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत लोक फसतात आणि सगळी बायकांचीच नावं लिहितात, म्हणून सुरुवातीलाच हे सांगून टाका.

‘पहिली’ आणि ‘पहिला’ वाले क्लू अगदी जपून. ‘भारतातली पहिली महिला डॉक्टर’ म्हणाल तर आनंदीबाईंनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डिग्री घेतली हे खरं, पण त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, आणि हे माहीत असलेलं कोणीतरी हॉलमध्ये असतंच. त्यापेक्षा ‘या व्यक्तीचं माहेरचं नाव यमुना’ किंवा ‘या व्यक्तीच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात आहेत’ असं लिहा. पकिप्सीवाला क्लू वाचला तेव्हा हॉलमध्ये एकदम शांतता झाली होती, कल्याणची मुलगी, एकविसाव्या वर्षी गेली आणि अस्थी तिकडे.

व्हॉट्सॲपवर आलेला किस्सा क्लू म्हणून कधीच वापरू नका, मग तो कितीही आवडलेला असो. मी प्रत्येक क्लू मराठी विश्वकोशात किंवा छापील चरित्रात बघते, दोन ठिकाणी सापडला तरच घेते. सन घालायचाच तर तिसऱ्या क्लूपासून पुढे घाला, आणि जन्मतारीख तर कधीच नको कारण ती एक तर पाठ असते नाहीतर काहीच सांगत नाही.

बाकी खेळ सोपा आहे. क्लू दोनदा वाचा, एक मिनिट द्या, उत्तर ओरडून नाही तर चिठ्ठीवर, एका क्लूला एकच नाव. चुकलं तर गुण कापू नका, लहान मुलं लिहायलाच घाबरतात. ज्या टीमचं आधी बरोबर आलं तिने पुढचे क्लू गप्प बसून ऐकायचे, उत्तर शेवटी माईकवरून तुम्हीच सांगायचं.

टाय झाला तर नववी व्यक्ती तयार ठेवा, तिचे क्लू मात्र उलटे वाचा, सोप्यापासून, आणि जी टीम आधी हात वर करेल तिला बोलू द्या.