वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चवथीचे गोड कसे खावे

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने गोड खावे की नाही, हा प्रश्न गोव्यात हमखास चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर उभा राहतो, कारण नेवऱ्या (करंज्या), हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि मणगणे (चण्याच्या डाळीची खीर) घरात असताना नुसते बघत बसणे अवघड असते. गोड कायमचे सोडायलाच हवे असे सहसा नसते. ते कधी, कोणत्या रूपात आणि कशाच्या पाठोपाठ पोटात जाते, यावर पुढचे सगळे ठरते.

आधी वेळेचे पाहावे. शस्त्रक्रियेनंतर पातळ, मग घोटलेले, मग मऊ अन्न असे टप्पे पार पाडत नेहमीच्या जेवणावर येईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात, आणि तोवर गोडाचे नाव काढू नये. चवथ त्याच काळात आली तर यंदाचे गोड चुकले असे समजावे. पुढेही आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेली प्रथिने, बहुधा दिवसाला ६० ते ८० ग्रॅम, पोटात जाऊ लागल्याशिवाय गोडाला जागा देऊ नये, कारण लहान झालेल्या जठरात दोन्ही मावत नाहीत.

गॅस्ट्रिक बायपासमध्ये, म्हणजे जठर लहान करून ते थेट आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि अन्न जठराच्या खालच्या झडपेतून न जाता थेट लहान आतड्यात उतरते. दाट साखर तिथे एकदम पोचली की आतड्यात पाणी ओढले जाते, आणि दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडणे, घाम, पोटात कळा, जुलाब असा त्रास सुरू होतो. यालाच डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी जाणवतो: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवल्याने रक्तातली साखर घसरते, हात थरथरतात, भोवळ येते, कडकडून भूक लागते. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून त्याची नळी ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत, झडप शाबूत असल्याने हा त्रास तुलनेने कमी होतो, पण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे, कारण शरीर अडवत नाही, हात पुन्हा पुन्हा डब्याकडे जातो आणि उतरलेले वजन हळूहळू परत चढते.

म्हणून रूप पाहून निवड करावी. पातळ गोड सर्वांत वाईट, कारण ते पोटात थांबतच नाही. मणगण्यात चण्याची डाळ असली तरी गूळ आणि नारळाचा रस मिळून ते वाटीने प्यायचेच होते. शिरवळ्यांसोबतचा (तांदळाच्या शेवयांसोबतचा) गोड रस, उसाचा रस आणि बाटलीतली शीतपेयेही त्याच रांगेतली. बेबिंक्यात, म्हणजे थरांच्या गोवन केकमध्ये, साखर, तूप आणि नारळाचा रस एकत्र येतात, तेव्हा तो चाखायचाच असेल तर एखाद्या घासावर थांबावे. माडाचा गूळ घातला म्हणून डोदोल (हलव्यासारखी मिठाई) सोसते, ही समजूत सोडून द्यावी. आतड्याच्या लेखी गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. मानकुराद आंबा रस काढून पिण्यापेक्षा एखादी फोड चावून खाल्लेली बरी. ‘शुगर फ्री’ मिठाईत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ असतील तर पोट फुगते आणि जुलाबही होऊ शकतात.

त्यातल्या त्यात पातोळी हाताळायला सोपी. हळदीचे पान उलगडून कडेचा तुकडा घ्यावा. तिथे चून (गूळ-खोबऱ्याचे सारण) कमी आणि तांदळाचे पीठ जास्त असते. हे पीठ चिकट असल्याने घास नखाएवढा घेऊन तोंडात पार लगदा होईपर्यंत चावावा, नाहीतर तो अडकल्यासारखा होऊन छातीत दाटते. उपाशीपोटी गोड मुळीच खाऊ नये. आधी मुगागाठी (मुगाची उसळ) किंवा पनीर आणि चवथ सोडून इतर दिवशी अंडे किंवा मासळी खावी, त्यानंतर गोडाचे दोन-तीन घास घ्यावेत, आणि पुढची ३० मिनिटे पाणी पिऊ नये. जत्रेतले खाजे मात्र पुडा उघडा ठेवून तोंडात टाकत राहण्याची चीज. एकच कांडी घ्यावी आणि पुडा दुसऱ्याच्या हाती द्यावा.

माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) बसवून आग्रह करणाऱ्या मावशीला लांबलचक कारणे देण्यापेक्षा प्रसादाचा चिमूटभर भाग हातावर घेऊन उरलेला बांधून मागावा.

डंपिंग झालेच तर घटकाभर आडवे व्हावे आणि काय, किती खाल्ले ते लिहून ठेवावे. तास-दोन तासांनी थरथर सुरू झाली तर शक्य असल्यास ग्लुकोमीटरवर साखर तपासावी, ती घसरलेली असेल तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या प्रमाणातच साखर घ्यावी आणि पाठोपाठ प्रथिनयुक्त काहीतरी खावे, नाहीतर ती पुन्हा घसरते. असे वारंवार होत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा मधुमेहाची औषधे अजून चालू असतील, तर पुढचे गोड खाण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठावे.