पुएर्तो व्हिएहोला निघण्यापूर्वी

कोस्टा रिकाच्या लिमोन प्रांतातील पुएर्तो व्हिएहो या गावी जायचे ठरले की आधी महिना निवडावा. देशात इतरत्र पावसाचा जोर असतो त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या कॅरिबियन किनाऱ्यावर उघडीप असते, आणि राजधानीचे हवामान पाहून तिकीट काढणाऱ्याची फसगत होते. सर मात्र केव्हाही येते, म्हणून रेनकोट आणि डासांचे मलम बरोबर असू द्यावे. व्हिसाचे नियम नवी दिल्लीतील वकिलातीकडून पडताळून घ्यावेत.

पोहता येते एवढ्यावर समुद्राच्या बाबतीत विसंबू नये. गावासमोरची साल्सा ब्रावा ही लाट प्रवाळखडकावर फुटते, ती मुरलेल्या सर्फरांसाठीच आहे. कोक्लेसच्या पुळणीवर पाणी आत ओढते, तेव्हा लाल बावटा असल्यास उतरू नये आणि ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडण्याऐवजी त्याला समांतर पोहत बाहेर पडावे, हे मुलांना घरीच नीट समजावून सांगावे. पुंता उवाची पुळण त्या मानाने शांत आहे. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपात लिमोनजवळचा किनारा मीटरभराहून अधिक वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. जे वाचले आहेत त्यांच्यावर पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी.

गावाचा इतिहास वाचून जाणे ही माझ्या मते सर्वांत मोलाची तयारी. लोहमार्ग बांधायला आणि केळीच्या मळ्यांत राबायला जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या इथेच जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्वासाठी १९४९ पर्यंत थांबावे लागले, आणि पुढे १९७० च्या दशकाअखेरीस मोनिलिया बुरशीने त्यांच्या कोकोच्या बागा बुडवल्या. त्यांच्या क्रिओल बोलीत ‘वापिन’ म्हणून विचारपूस करतात. तेवढा एक शब्द तरी शिकून घ्यावा. एखादा रविवार मुक्कामात धरावा, कारण नारळाच्या दुधात भात आणि राजमा शिजवण्याचा तो परंपरेचा दिवस. त्या पातेल्यात अख्खी तिखट मिरची सोडतात आणि ती फुटू न देता अलगद काढून घेतात, म्हणजे वास राहतो, जाळ नाही. नारळाच्या रसावर वाढलेल्या कोकणी माणसाला ते पान परके वाटणार नाही.

किनाऱ्यावरच्या मान्सानिल्यो गावापर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता भाड्याच्या सायकलने होतो, त्यासाठी दिवा न्यावा. मार्च ते जुलै या काळात गांदोकाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. तिथे वाटाड्याबरोबरच जावे आणि पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी खोलीवरच ठेवावी.