जुन्या गाडीचा हीटर ब्लोअर (गरम हवा फेकणारा पंखा) डॅशबोर्डवर थाप मारल्यावरच चालतो? माझा अनुभव

१९६८ची ब्रिटिश गाडी. स्विच ओढला की ब्लोअर गप्प, थाप मारली की क्षणभर सुरू. फ्यूज बदलला, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या वायरचा जोड) घासलं. दोन महिने थंडीत कुडकुडलो. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिल्यावर मोटर मस्त फिरली, म्हणजे दोष स्विचचाच.

आधी बॅटरीची अर्थ वायर काढा. नॉबच्या बुडाशी बारीक भोक असतं; त्यात तार खुपसून आतली पिन दाबा, नॉब निघतो. रिंग फिरवून स्विच मागून काढा, वायरींचा फोटो घ्या. स्विच बंद धरणारे पत्र्याचे वळवलेले कान प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालूनच उघडा, स्प्रिंग उडते! काळे पडलेले तांब्याचे कॉन्टॅक्ट ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, कान परत वळवा. जोडण्यापूर्वी स्विच चालू स्थितीत ठेवून मल्टिमीटरने रोध मोजा: माझ्या स्विचचा ४० ओहमवरून जवळजवळ शून्यावर आला.