मे महिन्यातल्या ठाण्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जास्त वेगाने चालवणं. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या मेनूत, शिरायच्या आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव बघून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. इंटेल असेल तर शेवटी के किंवा केएफ पाहिजे आणि बोर्ड झेड सिरीजचा पाहिजे, झेड६९०, झेड७९० वगैरे. बी६६०, बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला ज्याने गुणून स्पीड ठरतो तो आकडा, हलत नाही, एच६१० वर तर तेही विसरा. एएमडीवाल्यांची मजा आहे, डेस्कटॉपचे जवळपास सगळे रायझन अनलॉक्डच येतात, फक्त बोर्ड ए३२०, ए५२० किंवा ए६२० असेल तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, आणि ५८००एक्स३डी सारख्या चिपचा मल्टिप्लायर कंपनीनेच बंद ठेवलाय. कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड पीसी स्वस्तात उचलला असेल तर त्याच्या बायॉसमध्ये हे ऑप्शन बहुतेक नसतातच, शोधत बसू नका.

मिळणार किती ते पण आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. १९९८ चा सेलेरॉन ३००ए लोक ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे मूळ क्लॉकवर, टाकून सरळ ४५० ला चालवायचे, म्हणजे फुकटात दीडपट. २०११ चा आय५ २५००के मूळ ३.३ गिगाहर्ट्झचा, बऱ्या कूलरवर साडेचारला आरामात जायचा. आता ते दिवस गेले कारण कंपन्या बूस्टच्या, म्हणजे लोड बघून आपोआप स्पीड वाढवायच्या, नावाखाली चिपमधला बहुतेक दम स्वतःच काढून घेतात, आपल्या वाट्याला बऱ्याचदा तीन-पाच टक्के उरतात, चिप चांगली निघाली तर थोडं जास्त. गेमसाठी करत असाल तर १४४०पी रेझोल्यूशनवर फरक दिसेलच असं नाही, तिथे सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर असतं. व्हिडिओ रेंडर, कोड कंपाइल असलं काही करत असाल किंवा नुसती हौस असेल तर करा, हौसेला मोल नाही.

आता खरी भानगड. परदेशातले व्हिडिओ बघून लोक सेटिंग उतरवून घेतात आणि मग इथे मशीन तापलं की बोंब मारतात. एअर कूलर असो की पाण्याचा एआयओ, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, खोली दहा डिग्रीने तापली की त्याच लोडवर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. जानेवारीत रात्री खोलीत २४ असतं आणि मेच्या दुपारी ३५, वर घामाने जीव नकोसा. म्हणजे जानेवारीत ८२ वर टेस्ट पास झालेला सेटअप मेमध्ये ९३ ला जाऊन बसणार. म्हणून टेस्ट करायची ती दुपारी, एसी बंद ठेवून, पीसी रोज जिथे असतो तिथेच, म्हणजे टेबलाच्या खणात भिंतीला चिकटवून ठेवत असाल तर तसाच ठेवून. एसीत बसून काढलेला स्कोर मित्रांना दाखवायला ठीक आहे.

धुळीचं पण बघा. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि दिवसरात्र ट्रक, रबाळे-महापे पट्ट्यात एमआयडीसी, खिडकी उघडी ठेवली की काही महिन्यांत कूलरच्या पत्र्यांमध्ये करड्या रंगाची गादी तयार होते, फॅन फिरतोय पण हवा आरपार जातच नाही. ब्लोअरने साफ करताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. रायझनसोबत येणारा छोटा स्टॉक कूलर असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार नका करू, दोन-तीन हजारांत चार हीटपाइपवाला टॉवर कूलर मिळतो, तो आधी लावा आणि पेस्टही नवीन टाका. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, रविवार सोडून जा कारण बरीच दुकानं बंद असतात, आणि कॅबिनेटची रुंदी मोजून न्या, टॉवर कूलर बसवल्यावर साइडचं पॅनल लागत नाही ही तक्रार हमखास असते.

करंटचा विषय पटकन उरकतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) असेल तर थांबा, ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) नावाजलेला घ्या. अर्थिंग नीट पाहिजे. आणि बायॉस अपडेट करायचा तर यूपीएसवरच, पावसाच्या तोंडावर महावितरणची लाइट कधी जाईल नेम नाही आणि अपडेट अर्ध्यात तुटला तर बोर्ड मेलाच समजा, बायॉस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायॉस परत टाकायचं) बटण असेल तरच वाचेल.

सुरुवात काहीही न बदलता करायची. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो टाका, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून स्कोर देणारं सिनेबेंच आर२३ टाका, दहा मिनिटांचा मल्टिकोर रन लावा आणि कागदावर लिहा: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं जास्तीत जास्त तापमान, सगळे कोर किती मेगाहर्ट्झला टिकले, व्होल्टेज, स्कोर. हे नसेल तर नंतर काय सुधारलं काय बिघडलं काहीच कळणार नाही. इथेच ९० च्या वर जात असेल तर आधी कूलर बघा. रायझन ७००० सिरीज मात्र ९५ पर्यंत जाऊन तिथेच चालायलाच बनवलीय, ती ९५ दाखवते म्हणून घाबरू नका, पण मग वर चढायला जागाही नाही हे समजून घ्या.

पहिला हात रॅमला लावा. ३२०० ची डीडीआर४ विकत घेऊन ती वर्षानुवर्षं २४०० किंवा २६६६ वर चालवणारे लोक मी भरपूर बघितलेत, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की लगेच दिसतं. बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचं जाहीर स्पीडवालं प्रोफाइल, ऑन करा, एएमडीच्या बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, घाईने बटण दाबून बंद करू नका. मग रात्री झोपताना मेमटेस्ट८६ लावून द्या, एक जरी एरर आली तरी स्पीड एक पायरी खाली. रॅमच्या एररचा त्रास असा की मशीन चालू राहतं आणि फाइली गुपचूप खराब होत जातात, म्हणून महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप या सगळ्याच्या आधी.

आता रायझन. इथे मल्टिप्लायर हाताने फिक्स करण्याच्या मी विरोधात आहे, कारण सगळे कोर एकाच स्पीडला बांधले की एका कोरवर मिळणारा जास्तीचा बूस्ट जातो, म्हणजे गेममध्ये उलट नुकसान. त्यापेक्षा पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवणारं एएमडीचं सेटिंग) ॲडव्हान्स्ड करा आणि त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर, हा रायझन ५००० पासून आलाय. निगेटिव्ह आकडा टाकला की चिप तोच स्पीड कमी व्होल्टेजवर गाठते, थंड राहते आणि थंड राहिली की स्वतःच वर बूस्ट करते. ऐरोलीला भाच्याच्या रायझन ५ ५६०० वर हेच केलं. पश्चिमेची खोली, दुपारचे तीन, पंखा गरम हवा फेकतोय, सिनेबेंच चालू आणि हा दर मिनिटाला "मामा, ८८ दाखवतोय, बंद करू का?" म्हटलं "राहू दे रे, ९० च्या आत आहे." मग सगळ्या कोरना निगेटिव्ह १० टाकलं, परत रन, मग १५, मग २०. आकडा दरवेळी थोडा खाली आला आणि स्कोर थोडा वर गेला, भाच्याचा विश्वासच बसेना की व्होल्टेज कमी करून स्पीड वाढतो. त्याच मेनूत थर्मल लिमिट असते, ती मी ८५ ला बांधून टाकली, आपल्याकडच्या हवेला हे एक सेटिंग सोन्यासारखं आहे कारण काहीही झालं तरी चिप त्याच्या वर जात नाही, स्वतःच थोडी हळू होते.

पण कर्व्ह ऑप्टिमायझर फसवा आहे. तो सिनेबेंचमध्ये पडत नाही, तो पडतो तुम्ही निवांत क्रोमवर काहीतरी वाचत असताना, पूर्ण मशीन एकदम रिस्टार्ट, ना निळी स्क्रीन ना काही. कारण असं की हलक्या लोडवर एकच कोर सगळ्यात वर बूस्ट मारतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाची नोंद शोधा, इव्हेंट आयडी १८, त्यात एपिक आयडी दिलेला असतो, त्यावरून कुठला कोर रुसलाय ते काढता येतं आणि फक्त त्याचा आकडा वीसवरून दहावर आणायचा. बहुतेक वेळा जे सगळ्यात चांगले कोर असतात, एएमडीच्या रायझन मास्टर टूलमध्ये ज्यांच्यावर तारा असतो, तेच कमी निगेटिव्ह सहन करतात कारण त्यांना आधीच कंपनीने घट्ट बांधलेलं असतं. एकेक कोर तपासायला कोअरसायक्लर नावाचं फुकट टूल आहे, रात्रभर चालू द्या.

इंटेलला जुन्या पद्धतीने जायचं. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला हात लावायचा नाही, त्याला मल्टिप्लायरने गुणलं की स्पीड. समजा १२६००के आहे, सहा पी-कोर (जोरदार) आणि चार ई-कोर (वीज वाचवणारे), सगळ्या पी-कोरवर लोड असताना मूळचा ४५ म्हणजे साडेचार गिगाहर्ट्झ. ४६ करा, सेव्ह, विंडोज, सिनेबेंच. टिकला तर ४७. ई-कोर आणि रिंगला (कोर आणि कॅश जोडणारा भाग) सुरुवातीला हात नको. अडकला की व्होल्टेज ०.०१ किंवा ०.०२ ने वाढवायचं, लोडवर १.३५ च्या वर नवख्या माणसाने जाऊ नये असं माझं मत, आणि लोड लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर पडणारं व्होल्टेज सावरणारं सेटिंग) मधल्या लेव्हलला ठेवा, सगळ्यात कडक लेव्हल नको.

व्होल्टेजला मी एवढा का घाबरतो त्याचा हिशोब बघा. उष्णता स्पीडच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.२० वरून १.३५ गेलात आणि साडेचारवरून ४.८, तर स्पीड वाढला जेमतेम सात टक्के आणि उष्णता वाढली जवळपास पस्तीस टक्के. ही पस्तीस टक्के तुमच्या त्याच पस्तीस डिग्रीच्या खोलीत सोडली जाणार. म्हणून एखादा मल्टिप्लायर टिकवायला व्होल्टेज भसाभस लागायला लागलं की तिथेच थांबा आणि एक पायरी खाली या.

तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनचे इंटेलवाले मात्र नीट ऐका. व्होल्टेज जास्त जाऊन या चिप हळूहळू खराब होतात हे २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी असे मायक्रोकोड (बायॉसमधून येणारे चिपचे अपडेट) दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही. आधी बायॉस अपडेट, मग इंटेल डिफॉल्ट सेटिंग, आणि ओव्हरक्लॉक नकोच, त्यातली त्यात हलकं अंडरव्होल्ट. एएमडीतही २०२३ च्या एप्रिलमध्ये ७०००एक्स३डी चिप जळाल्या, एसओसी व्होल्टेज (कोर सोडून चिपच्या बाकी भागाचं) जास्त जात होतं, त्यानंतर ते १.३ व्होल्टला बांधलं गेलं, तेव्हा एएम५ वर (रायझन ७००० पासूनचं सॉकेट) एक्स्पो लावायच्या आधी बायॉस नवा आहे ना ते बघा.

बोर्डाच्या सॉफ्टवेअरमधलं एका क्लिकवाल्या ओव्हरक्लॉकचं बटण दाबू नका, ते सुरक्षित राहायला म्हणून व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त ओततं. आणि विंडोजमधून थोडं, बायॉसमधून थोडं असंही नको, मग कोणी काय बदललं कळत नाही.

टेस्टबद्दल एवढंच की सिनेबेंच दहा मिनिटं पास म्हणजे फक्त प्रिलिम. त्यानंतर ओसीसीटी तासभर, प्राइम९५ चं स्मॉल एफएफटी अर्धा तास, हे दोन्ही रोजच्या वापरापेक्षा फार जास्त तापवतात त्यामुळे समोर बसून बघा, जुन्या सवयीने ९० दिसलं की बंद, ९५ वर चालणारे रायझन ७००० सोडून. मग रोजचं काम करत राहा. निळ्या स्क्रीनवर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा व्हिया अनकरेक्टेबल एरर दिसलं तर विंडोजला दोष देऊ नका, मल्टिप्लायर एकने कमी करा.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच डिफॉल्टवर येतात. नाही आलं तर प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट घालवा, बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या (बायॉसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना असतात त्यांना स्क्रूड्रायव्हर काही सेकंद टेकवा, नाहीतर सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं ठेवा.

वॉरंटीचं पण कानावर घालतो, पीबीओ एएमडीचंच फीचर असलं तरी त्यामुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, इंटेलने पैसे घेऊन ओव्हरक्लॉकला संरक्षण देणारा प्लॅन २०२१ मध्येच बंद केला.

सगळं जमलं की बायॉसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करा, एक उन्हाळ्याचं थोडं नरम आणि एक डिसेंबरचं. आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बायॉस अपडेट केला की सेटिंग उडतात आणि बऱ्याच बोर्डांवर जुनं प्रोफाइल नवीन व्हर्जनला चालत नाही.