किटमधून लाकडी रंधा जोडायचाय? मग कानस जरा जपून

चवथीच्या आधी घरातला फणसाचा जुना पाट साफ करायला घेतला आणि नेहमीचा लोखंडी रंधा मारला तर वीतवीतभर अंतरावर लाकूड उपसून यायला लागलं, कारण फणसाच्या रेषा एका पट्ट्यात इकडे तर शेजारच्या पट्ट्यात तिकडे. अशा लाकडाला बारीक तोंडाचा सफाईचा रंधा लागतो. तोंड म्हणजे पातं बुडातून बाहेर येतं ती फट. म्हणून किट मागवलं.

पार्सल फोडल्याफोडल्या जोडायला बसू नका. आपल्या फोंड्याच्या हवेत सुकं लाकूड ओल धरतं आणि थोडं फुगतं, तेव्हा सगळे तुकडे आठवडाभर खोलीत उघडे पडू देत, आणि पावसाळ्यात तर हे काम काढूच नका.

आत निघतं ते असं: दोन बाजूंचे गाल, पुढचा ठोकळा, ४५ अंशांत उतरता कापलेला मागचा ठोकळा, पाचर, ती पाचर जिच्याखाली अडकते ती आडवी दांडी, पातं आणि पात्यावर स्क्रूने बसणारी कॅप. आधी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घेऊन मागच्या ठोकळ्याचा उतार तपासा. त्यावर पातं ठेवून बोटाने दाबलं आणि डुगडुगलं तर रंधा चालताना थरथरणार, हे नंतर कशानेही सुधारत नाही, आत्ताच घासून सपाट करा.

मग फेविकॉल न लावता सगळं क्लॅम्पमध्ये धरा. पातं उतारावर ठेवा आणि पुढचा ठोकळा इतका जवळ आणा की पात्याची धार त्याला जवळजवळ टेकेल. फट नाहीच राहिली असं वाटेल, वाटू दे. ती खाली अरुंद आणि वर रुंद असते, म्हणून बूड घासलं की आपोआप उघडत जाते. जागा ठरली की दोन्ही टोकांना गालातून आरपार बारीक भोकं पाडून टूथपिक ठोका, नाहीतर फेविकॉल लागल्यावर क्लॅम्प आवळताना ठोकळे साबणासारखे सरकतात.

आडवी दांडी चिकटवण्याआधीच आत घालायची, गाल चिकटले की ती जात नाही! आणि ती भोकात फिरली पाहिजे, म्हणून तिथे फेविकॉलचा थेंबही नको. आत ओघळलेला फेविकॉल ओला असतानाच काडीने काढा. क्लॅम्प पूर्ण एक दिवस, हवा दमट असेल तर दोन.

बूड सपाट करायला आमच्या स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा वापरला (घरच्यांना विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं). १२० नंबरचा पॉलिश पेपर ओट्यावर चिकटवा, बुडावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि रेघा सगळीकडून सारख्या जाईपर्यंत घासा. इथे बरेच जण चुकतात ते असं की पातं काढून ठेवतात. पातं आणि पाचर आत घट्ट ठोकलेली हवीत, फक्त धार बुडापासून थोडी वर घेतलेली, कारण पाचरीच्या जोराने रंधा किंचित वाकतो आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत तो सपाट व्हायला हवा.

आता तोंड. मी इथेच माती खाल्ली. धार बाहेर येईना म्हणून कानस घेतली, दोन घाव मारले, बघितलं, वाटलं अजून एक, आणि त्या एका घावात फट चांगली दोन मिलिमीटर झाली, मग तोंडापुढे खाच करून शिसवीची पट्टी बसवण्यात अख्खा रविवार गेला. तुम्ही दर घावाला पातं घालून बघा. छिलका अडकत नाही इतपतच फट, म्हणजे जाड कागद जेमतेम सरकेल एवढी.

पात्याची मागची बाजू धारेजवळ आरशासारखी करा, धार १००० आणि मग ६००० च्या दगडावर लावा, आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा म्हणजे पाटावर रेघा उमटणार नाहीत. कॅप धारेपासून अर्धा मिलिमीटर मागे.

पातं पुढे घ्यायचं तर त्याच्या डोक्यावर हलकेच टिचकी, मागे घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या टोकावर, आणि दर वेळी पाचर परत दाबायची. माझ्या पहिल्या छिलक्यातून पेपरातलं मथळ्याचं अक्षर दिसत होतं. काम झालं की पाचर सैल करून ठेवा आणि पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, आपल्याकडे एका रात्रीत गंज धरतो.